कुत्रा कोणाच्या नावावर?

(प्रभाग संघाच्या मासिक सभेत क्षेत्र समन्वयकांनी केलेल्या भाषणाचा हा मजकूर. ज्या गटांच्या प्रतिनिधी त्या दिवशी येऊ शकल्या नाहीत, त्यांनी आपल्या गटाच्या बैठकीत वाचून दाखवावा.)



बचत झाली, कर्जफेडीचा आढावा झाला, चहाही झाला. आता अर्धा तास मी अध्यक्षताईंकडून मागून घेतला आहे. विषय आहे कुत्रा. हसा, हसा. मलाही माहीत आहे की गटाच्या बैठकीत कुत्र्यावर भाषण म्हणजे जरा वेगळंच.

मघाशी मी विचारलं, कोणाकडे शेळ्या किती? फटाफट उत्तरं आली. चार, सात, दोन पाठी आणि एक बोकड. कोंबड्या किती? त्याही मोजून सांगितल्या. बैलजोडी, गाई, सगळं तोंडपाठ. मग विचारलं, कुत्रे किती? तर सगळ्या एकमेकींकडे पाहायला लागल्या. एक काकू म्हणाल्या, "आमचा नाही जी तो, असाच येते न जाते." दुसऱ्या म्हणाल्या, "खाते आमच्याकडे, झोपते जाऊबाईच्या पडवीत." आता हाच कुत्रा मार्च-एप्रिलमध्ये तुमच्यासोबत पहाटे मोहाला येतो. मे महिन्यात तेंदूपत्त्याला येतो. धानाच्या बांधीवर राखण करतो, रात्री कोठ्यापाशी भुंकतो. लेकरं त्याच्या अंगावर लोळतात. शिळी भाकर टाकायला तो सगळ्यांचा, आणि सुई द्यायची म्हटली की कोणाचाच नाही. माझं आजचं सगळं बोलणं या एकाच गोष्टीवर आहे. गावातला प्रत्येक कुत्रा कोणत्या ना कोणत्या घराच्या नावावर लिहिला गेला पाहिजे. का, ते सांगते.

सगळ्यात आधी रेबीज. आपण म्हणतो कुत्रं पिसाळलं. हा आजार एका विषाणूमुळे होतो आणि तो आजारी जनावराच्या लाळेत असतो. चावल्यावर, ओरबाडल्यावर, किंवा उघड्या जखमेवर चाटल्यावर लाळ आत जाते. तिथून विषाणू नसांवाटे हळूहळू मेंदूकडे सरकतो. हळूहळू म्हणजे किती? बहुतेक वेळा एक ते तीन महिने. कधी आठवडाभरात, कधी वर्षही लागतं. एवढा वेळ माणूस ठणठणीत असतो, जखम भरून आलेली असते, आणि घरचे म्हणतात, पाहा, काही झालं नाही. पण एकदा का लक्षणं दिसली, पाण्याची भीती वाटायला लागली, वाऱ्याच्या झुळुकीनंही घसा आवळायला लागला, की मग जगातला कोणताही मोठा दवाखाना जवळजवळ काहीच करू शकत नाही. आणि तरीही हा मृत्यू पूर्णपणे टाळता येतो, वेळेत लस घेतली तर. भारतात दरवर्षी किती माणसं रेबीजने जातात याचे अंदाज वेगवेगळे आहेत. जागतिक आरोग्य संघटनेचा जुना अंदाज १८ ते २० हजारांचा, आणि आपल्या देशातल्या आयसीएमआरच्या अलीकडच्या अभ्यासाचा अंदाज पावणेसहा हजारांच्या आसपास. कमीतला कमी आकडा धरला तरी रोजची पंधरा माणसं झाली. जगभरात कुत्रा चावून रेबीजने जाणाऱ्यांमध्ये दर दहांपैकी चार जण पंधरा वर्षांखालची लेकरं असतात.

लेकरं का? कारण लेकरू कुत्र्याच्या उंचीचं असतं, चावा तोंडावर, मानेवर बसतो, तिथून मेंदू जवळ. आणि दुसरं कारण तुम्हा-आम्हालाच ठाऊक आहे. लेकरू सांगत नाही. पिल्लाला छेडलं म्हणून माय मारेल, या भीतीने सांगत नाही. म्हणून घरी आजच सांगून ठेवा, कुत्रा चावला, ओरबाडला, तर आधी येऊन सांग, मी मारणार नाही. आणि मग खरंच मारू नका.

आता चावल्यावर काय करायचं. हे मी दोनदा सांगणार, कंटाळा करू नका. पहिलं, नळाखाली, हातपंपाखाली, नाहीतर गडव्याने पाणी ओतत, साबण लावून जखम पंधरा मिनिटं धुवायची. पंधरा मिनिटं म्हणजे भात शिजायला ठेवला तर अर्धा होतो इतका वेळ. साबण कोणताही चालतो, कपड्याचा, भांड्याचा, अंगाचा. विषाणूचं वरचं कवच साबणाने फुटतं, म्हणून साबण. वर चुना नाही, हळद नाही, मिरची तर अजिबात नाही. मिरची लावणारी माणसं मी आपल्याच गावांत पाहिली आहेत. आग होते म्हणून विष मरतं असं वाटतं, पण त्याने जखम आणखी चिघळते आणि धुवायचा वेळ हातून जातो. पट्टी घट्ट बांधायची नाही, जखम शिवायचीही घाई नाही, ते डॉक्टर ठरवतील.

दुसरं, त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जायचं. रेबीजची लस सरकारी दवाखान्यात मोफत असते. पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागतात म्हणून अजूनही बऱ्याच जणी घाबरतात. ती जुनी लस होती, आपल्या देशात २००४-०५ मध्येच ती बंद झाली. आता लस दंडावर घेतात. कातडीत द्यायच्या पद्धतीत पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी, आणि दंडाच्या मांसात द्यायच्या पद्धतीत चौदाव्या दिवशी आणखी एक. यात चावल्यानंतर पहिली सुई घेतली तो दिवस शून्य धरतात, त्याच्या पुढे मोजायचं. कार्डावर तारखा लिहून देतात, त्या घरातल्या कॅलेंडरवर लगेच लाल पेनाने मांडा. दोन सुया घेऊन बरं वाटतं म्हणून तिसरी सोडणाऱ्या पुष्कळ आहेत. गरोदर बाईला ही लस चालते, दूध पाजणाऱ्या आईलाही चालते, तान्ह्या लेकरालाही चालते. यात "चालेल का" म्हणून थांबून राहणं सगळ्यात वाईट.

जखम खोल असेल, रक्त आलं असेल, तोंडावर-हातावर असेल तर फक्त लस पुरत नाही. लसीने अंगात ताकद तयार व्हायला थोडे दिवस जातात. तेवढ्या दिवसांसाठी तयार औषध, इम्युनोग्लोब्युलिन, थेट जखमेत आणि जखमेभोवती टोचतात. हे प्रत्येक आरोग्य केंद्रात असेलच असं नाही, त्यासाठी ग्रामीण रुग्णालय किंवा जिल्ह्याच्या दवाखान्यात पाठवतात. पाठवलं तर जा. "पहिली सुई तर झाली" म्हणून घरी परतू नका. आणि भामरागडकडच्या बायांसाठी खास सांगते. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की रस्ता बंद, हे तुमचं नेहमीचंच. जवळच्या केंद्रात पहिली सुई तरी त्याच दिवशी घ्या, आणि धुणं तर घरीच होतं, त्याला पूर अडवत नाही. पुढचं पाणी ओसरल्यावर. उशीर झाला म्हणून गेलंच नाही असं करू नका, आठ-पंधरा दिवसांनी गेलात तरी डॉक्टर लस देतात.

पुन्हा सांगते: साबण-पाणी पंधरा मिनिटं, आणि त्याच दिवशी दवाखाना.

"पण कुत्रा तर घरचाच होता जी." बरोबर. घरचा कुत्रा चावला असेल आणि तो ठीक दिसत असेल, तर त्याला मारून टाकू नका. बांधून ठेवा आणि दहा दिवस पाहा. ज्या कुत्र्याच्या लाळेत रेबीज आहे, तो दहा दिवसांत आजारी पडतो किंवा मरतो. दहा दिवसांनंतरही जेवतो-खातो, खेळतो आहे, तर तेव्हा डॉक्टर पुढच्या सुया थांबवायच्या का ते सांगतील. पण दहा दिवस वाट पाहून मग सुई, असं नाही. सुई आज, पाहणं दहा दिवस. आणि रानातलं जनावर चावलं, कोल्हा, लांडगा, मुंगूस, अस्वल, तर त्याला कोण दहा दिवस पाहणार? तिथे शंका न धरता पूर्ण उपचार घ्यायचे. वन विभागाला कळवायचं, हॅलो फॉरेस्टचा नंबर १९२६. वन्यप्राण्याच्या हल्ल्याची नुकसानभरपाई मागायची तर पंचनामा आणि दवाखान्याचा कागद लागतो, तो जपून ठेवा.

पिसाळलेला कुत्रा ओळखायचा कसा, हे बायांनी सगळ्यात जास्त विचारलं. सगळेच चावत सुटत नाहीत. काही अगदी उलटे, गप्प होतात, अंधारात जाऊन बसतात, जबडा लोंबतो, लाळ गळते, आवाज बदलतो, बसल्यासारखा, घोगरा. खाणं गिळता येत नाही. इथेच मोठा धोका आहे. घरच्यांना वाटतं, हाड अडकलं गळ्यात. आणि घरातली एखादी प्रेमळ बाई त्याच्या तोंडात हात घालून हाड शोधते. गाई-म्हशीचंही तेच. पिसाळलेलं कुत्रं गाईला चावून गेलेलं असतं, ते कोणाला माहीतही नसतं, महिन्या-दोन महिन्यांनी गाय हंबरत राहते, लाळ गाळते, गिळत नाही. घरचा धनी घशात हात घालून पाहतो, काय अडकलं. तायांनो, लाळ गाळणाऱ्या, न गिळणाऱ्या जनावराच्या तोंडात हात घालायचा नाही. कुत्रा असो, गाय असो, बैल असो. आधी पशुवैद्यकीय दवाखान्यात फोन. १९६२ हा पशुसंवर्धनाचा टोल फ्री नंबर आहे, मोबाईलमध्ये सेव्ह करून घ्या. हात आधीच घातला गेला असेल, लाळ लागली असेल, तर धुवा आणि आपल्या दवाखान्यात जाऊन सांगा. गाईला कुत्रा चावताना कोणी पाहिलं, तर तिचीही जखम साबणाने धुवायची आणि तिलाही लस द्यायची. जनावरांसाठीही चावल्यानंतरच्या सुया असतात. अशा गाईचं दूध कच्चं पिऊ नका, कोणाला देऊ नका.

हे सगळं झालं चावल्यावरचं. चावण्याआधीचं काम त्याहून स्वस्त आणि सोपं आहे. कुत्र्याला वर्षातून एक सुई. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की पहिली, डॉक्टर सांगतील तेव्हा एक परत, आणि मग दरवर्षी. शास्त्रज्ञांनी जगभर पाहून एक हिशेब मांडला आहे. गावातल्या दर शंभर कुत्र्यांपैकी सत्तर कुत्र्यांना लस झाली की आजाराला पुढे सरकायला जागाच मिळत नाही. म्हणजे आपल्या गावात साठ कुत्रे असतील तर बेचाळीस. साठच्या साठ नाही पकडता आले तरी चालेल. पण बेचाळीस लागतात, आणि बेचाळीस पकडायचे तर कोण पकडणार? सरकारी माणूस गाडीतून उतरला की गावातले कुत्रे पळून जातात. त्यांना ओळखीचा हात लागतो. भाकर टाकणारा हात. तो हात तुमचा आहे, म्हणून हे काम गटाचं आहे असं मी म्हणते. कुत्रे मारून, विष घालून हा आजार जात नाही. मारलेल्याच्या जागी महिन्याभरात शेजारच्या गावचे, लस नसलेले कुत्रे येतात. शिवाय विष घालणं गुन्हा आहे, आणि त्या विषाने कोंबड्या, शेळ्या आणि कधी लेकरूही जातं.

आता आपल्याकडची खास गोष्ट, जी पुण्या-मुंबईच्या माहितीपत्रकात तुम्हाला सापडणार नाही. आपण जंगलात राहतो. चंद्रपुरात ताडोबा, आणि गडचिरोलीत तर घराबाहेर पाऊल टाकलं की जंगलच.

बिबट्याला कुत्रा फार आवडतो. हे मी मनाने सांगत नाही. तिकडे पश्चिमेला अकोले तालुक्यात, उसाच्या पट्ट्यात, बिबट्याची विष्ठा गोळा करून तपासली गेली. त्यात सगळ्यात जास्त निघाला तो कुत्रा. बिबट्याने खाल्लेल्या मांसाच्या वजनात जवळपास ३९ टक्के वाटा एकट्या कुत्र्यांचा. आपल्याकडे जंगलात चितळ आहे, रानडुक्कर आहे, तरीही दुर्गापूर-ऊर्जानगरसारख्या वस्तीत बिबट्या कशाला येतो ते तिथल्या बायांना विचारा. आता आपला उन्हाळा डोळ्यांसमोर आणा. घरात पत्र्याखाली झोपवत नाही. अंगणात खाटा टाकतो, लेकरं सोबत झोपतात, आणि कुत्रा खाटेखाली. बिबट्या कुत्र्यासाठी येतो आणि कुत्र्याच्या शेजारी काय आहे ते त्याला अंधारात दिसतं. म्हणून झोपायची खाट आणि कुत्रा, दोन वेगळ्या जागी. कुत्र्याला रात्री कोठ्यात किंवा बंद पडवीत घ्या. दाराबाहेर साखळीने बांधून ठेवू नका. बांधलेल्या कुत्र्याला पळताही येत नाही, तो बिबट्यासाठी वाढलेलं ताट असतो. लहान लेकराला अंगणाच्या कडेला झोपवू नका, मध्ये घ्या. हिमालयातले मेंढपाळ आपल्या कुत्र्यांच्या गळ्यात खिळ्यांचा लोखंडी पट्टा घालतात, बिबट्या मानेला धरतो म्हणून. आपल्याकडे असा पट्टा लोहाराकडून करून घ्यायला कोणाची ना नाही, पण बंद पडवी जास्त बरी.

आणि कोंबडीची आतडी, पिसं, मासोळीची घाण सांदवाडीत टाकायची बंद करा. घाणीवर कुत्रे जमतात, कुत्र्यांवर बिबट्या येतो. खड्डा करून पुरा. ग्रामपंचायतीलाही हे मटणाच्या दुकानाबद्दल सांगा, लिहून द्या.

मोहाला जाताना कुत्रा न्यायचा की नाही, यावर मागच्या सभेत दोन गट पडले होते. माझं मत विचाराल तर, कुत्रा आहे म्हणून एकटीने जाऊ नका. कुत्रा भुंकून सावध करतो हे खरं. पण अस्वलावर भुंकून तो मागे पळाला तर तुमच्याकडेच पळत येतो, आणि अस्वल त्याच्यामागे. मोहफुलं अस्वलालाही आवडतात, पहाटे तेही झाडाखाली असतं. चार-पाच जणींनी मिळून, उजाडल्यावर, बोलत-आवाज करत जायचं. खाली वाकून वेचताना एकीने उभं राहून पाहायचं. कुत्रा अचानक गप्प होऊन शेपूट पोटाखाली घालून तुमच्या पायाला चिकटला, तर टोपली सोडा, सगळ्या एकत्र व्हा, मागे सरका. टोपली दुसऱ्या दिवशी मिळते.

कुत्रे जंगलात ससे, चितळाची पाडसं मारतात. कुत्र्यांनी मारलेलं चितळ घरी आणणं, वाटून खाणं हा वन्यजीव कायद्याने, १९७२ च्या कायद्याने, गुन्हा आहे. "आम्ही थोडंच मारलं" हे उत्तर चालत नाही. कुत्रा शिकारीवर जायला लागला तर त्याला जंगलात नेणं थांबवा.

आणखी एक, कमी बोललं जाणारं. कुत्र्यांना डिस्टेंपर नावाचा आजार होतो. डोळ्यांतून चिपडं, नाकातून पू, ताप, मग हातपाय झटके देतात, तळपाय कडक होतात. माणसाला तो होत नाही. पण वाघ, बिबट्या आणि आपल्या जंगलातले रानकुत्रे, यांना तो लागू शकतो. २०१८ साली गुजरातच्या गीरमध्ये काही आठवड्यांत वीसहून जास्त सिंह मेले, त्यांच्यात हाच विषाणू सापडला. त्याआधी १९९४ मध्ये आफ्रिकेत सेरेंगेटीच्या जंगलात सुमारे हजार सिंह गेले. म्हणून ज्या गावांतल्या बाया ताडोबाच्या बफरमध्ये होमस्टे चालवतात, ज्यांची मुलं जिप्सी चालवतात, गाईड आहेत, त्यांच्या पोटापाण्याशी गावच्या कुत्र्याच्या सुईचा संबंध आहे. डिस्टेंपरची लस वेगळी असते, तिला पैसे लागतात. सगळ्यांना जमणार नाही, मला माहीत आहे. निदान आजारी, झटके देणारा कुत्रा जंगलात जाणार नाही, पाणवठ्यावर जाणार नाही, एवढं पाहा. आणि मेलेला कुत्रा जंगलाच्या कडेला फेकून देऊ नका, खोल पुरा. हाताला पिशवी बांधून.

घरगुती उपचारांबद्दल पटकन सांगते. लूत भरली, केस गेले, कातडी जाड झाली, म्हणून गॅरेजमधलं जळकं ऑईल चोपडतात. चोपडू नका. कुत्रा अंग चाटतो, ते पोटात जातं, कातडीही जळते. लुतीची सुई आणि औषध दवाखान्यात मिळतं. काही प्रकारची लूत माणसालाही खाज आणते, त्यामुळे लेकरांना तेवढे दिवस दूर ठेवा. गोचिडांसाठी गाईवर फवारायचं औषध कुत्र्यावर अंदाजाने ओतू नका. पाण्यात किती, हे पशुसखीला विचारा. उमेदच्या पशुसखी आता बऱ्याच गावांत आहेत, त्यांचा उपयोग फक्त शेळ्यांसाठी नाही. खूप गोचीड झाले आणि कुत्रा सुस्त, हिरड्या पांढऱ्या, लघवी लाल, तर तो गोचीडताप असू शकतो, दोन दिवस वाट पाहायची नाही. जखमेत किडे पडले तर डांबरगोळी कुटून भरतात, ती कुत्र्याला विष आहे. आणि आपली ताप-दुखण्याची गोळी कुत्र्याला कधीच देऊ नका. आपल्याला चालणारी गोळी त्याच्या पोटाला आणि लिव्हरला मारते.

बोकड कापला की आतडी-काळजाचे तुकडे कच्चेच कुत्र्याला टाकतो. त्यातून कुत्र्याच्या पोटात जंत होतात, त्या जंतांची अंडी शेणासोबत अंगणात, आणि लेकराच्या हाताने त्याच्या तोंडात. एका जातीच्या जंताने तर माणसाच्या लिव्हरमध्ये पाण्याची मोठी गाठ होते, ऑपरेशन करून काढावी लागते. शिजवून घाला, किंवा पुरा. कुत्र्याला जंताची गोळी तीन-चार महिन्यांनी, वजनाप्रमाणे.

करंट. हे बोलताना मलाच भीती वाटते, पण बोलते. रानडुकरांसाठी वावराच्या कुंपणात करंट सोडतात. त्यात वाघ मेले, माणसं मेली, कुत्रे तर कोण मोजतं. कुंपणापाशी कुत्रा पडलेला दिसला तर जवळ जाऊ नका, काठीनेही ओढू नका. जमीन ओली असते. आधी महावितरणला फोन, लाईन बंद. धन्याला समजावून सांगायचं काम तुमचं आहे, कारण असा करंट सोडणं गुन्हा आहे आणि त्यात पहिला जीव बहुतेक घरातल्याच कोणाचा तरी जातो, पहाटे पाणी फिरवायला गेलेल्याचा.

कुत्रीची पिल्लं हा प्रश्न राहिलाच. वर्षात दोनदा विते, पाच-सहा पिल्लं. गोणपाटात भरून जंगलाच्या रस्त्यावर सोडून येतात, बहुतेक वेळा मादी पिल्लंच सोडतात. तिथे काय होतं ते वेगळं सांगायला नको, आणि जी जगतात ती भुकेली टोळी करून शेळ्यांवर येतात. कुत्र्यांची नसबंदी करणं हे २०२३ च्या नियमांप्रमाणे स्थानिक संस्थेचं काम आहे. खेड्यात ते अजून जवळजवळ होतच नाही. ग्रामसभेत ठराव मांडता येतो. दोन-तीन ग्रामसंघांनी मिळून मांडला तर पंचायत समितीत त्याचं वजन पडेल. लगेच होईल असं आश्वासन मी देत नाही.

आता काम. प्रत्येक ग्रामसंघाने एक साधी वही करायची. आडवे पाच रकाने: घरमालकिणीचं नाव, कुत्रा की कुत्री, रंग-खूण, लस कधी झाली, पुढची कधी. घरमालकिणीचं नाव लिहिणं मी मुद्दाम म्हणते, घरमालकाचं नाही, कारण भाकर कोण टाकतं ते आपल्याला माहीत आहे. "येते न जाते"वाले जे कुत्रे आहेत, ते ज्या दोन-तीन घरांत खातात त्यांपैकी एका घराने ते आपल्या नावावर घ्यायचे. नावावर घेतलं म्हणून कर लागत नाही, कोणी पकडून नेत नाही, ही भीती दोन गावांत होती म्हणून सांगते. लस झालेल्या कुत्र्याच्या गळ्यात लाल कापडाची पट्टी बांधायची, म्हणजे कोण राहिलं ते लांबून दिसतं. पट्टी सैल बांधा, दोन बोटं आत गेली पाहिजेत.

तारीख २८ सप्टेंबर धरू. तो जागतिक रेबीज दिन आहे. ज्या लुई पाश्चरने १८८५ मध्ये कुत्रा चावलेल्या नऊ वर्षांच्या पोराला पहिल्यांदा ही लस दिली आणि ते पोरगं वाचलं, त्या पाश्चरचा स्मृतिदिन. धानाची निंदणी तोवर आटोपलेली असते आणि पाऊसही कमी होतो. त्याआधी पंधरा दिवस, सप्टेंबरच्या पहिल्या बैठकीत, वही भरून मला द्या. किती लसी लागतील तो आकडा घेऊन पशुधन विकास अधिकाऱ्यांकडे मी आणि पदाधिकारी जाऊ. आकडा नसेल तर ते म्हणतात, पाहू. बेचाळीस म्हटलं की त्यांना इंडेंट करावा लागतो.

त्या दिवशी कुत्रे सकाळी सातच्या आत आणायचे, उन्हाच्या आधी, उपाशी नाही पण पोटभरही नाही. जो चावरा आहे त्याच्या तोंडाला ओढणीने बांधायचं, कसं ते पशुसखी दाखवेल. पोरांना शाळेत पाठवा, कुत्रा धरायला मोठी बाई किंवा माणूसच हवा. साबण आणि पाण्याची बादली टेबलाजवळ ठेवायची जबाबदारी मी गटाच्या कोषाध्यक्षांवर टाकते आहे. आणि वहीत पहिली ओळ अध्यक्षताईंनी आत्ताच भरली आहे: तांबडा कुत्रा, उजवा कान फाटलेला, लस नाही.